बुडालेल्या कंपनीचं चित्र

कोणत्याही मराठी दैनिकाची ठाणे आवृत्ती उघडली, की आतल्या एखाद्या पानावर बारीक टाइपातली चौकट दिसते. वर लिहिलेलं असतं ‘ताबा सूचना’. खाली कर्जदार कंपनीचं नाव, जामीनदारांची नावं, थकलेली रक्कम आणि मग मालमत्तेचं वर्णन. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, मौजे अमुक, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, चारही बाजूंच्या सीमा. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँकेने आधी साठ दिवसांची नोटीस द्यायची, पैसे आले नाहीत तर तारण मालमत्तेचा ताबा घ्यायचा आणि तसं दोन वर्तमानपत्रांत छापायचं, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणून ही चौकट मराठीत असते. कंपनी बुडाल्याची बातमी तिथे पूर्ण दिलेली असते, तारखेसकट आणि पैशांसकट. तरी ती चौकट शेवटपर्यंत वाचणारा माणूस विरळा.

याच अंकात पहिल्या किंवा संपादकीय पानावर व्यंगचित्र असतं. तेही कधीकधी अशाच बुडालेल्या कंपनीवर असतं. त्यात सर्व्हे नंबर नसतो, कलम नसतं, रकमेचा आकडा असला तर एखादाच. पण डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये उभ्याने पेपर वाचणाऱ्या माणसाला पाच सेकंदांत कळतं की कोणाचे पैसे गेले आणि कोण निसटलं. एवढ्या गुंतागुंतीच्या घटनेचं एवढं सोपं चित्र कसं होतं, आणि ते सोपं करताना काय गळून पडतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणाऱ्यांना तर जास्तच, कारण आपल्या भागात बंद पडलेल्या कारखान्यांची फाटकं रोजच्या वाटेवर आहेत.

व्यंगचित्रकाराची पहिली अडचण अशी, की कंपनीला चेहरा नसतो. पुढारी काढायचा तर नाक, चष्मा, टोपी, पोट असं काहीतरी हाताशी असतं. कंपनी ही कायद्याने व्यक्ती आहे, तिच्या नावावर जमीन असते, तिच्यावर खटला होतो, ती मरतेही, पण तिला नाक नाही. मग तिच्या जागी कोणाला तरी उभं करावं लागतं. कोणाला उभं केलं, यावर चित्राचा सगळा अर्थ ठरतो.

या प्रश्नाची उत्तरं युरोपात फार पूर्वी शोधली गेली आणि ती अजून वापरात आहेत. १७२० मध्ये लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला. विल्यम होगार्थने त्यावर १७२१ च्या सुमारास एक मुद्राचित्र केलं. त्याने गर्दी काढली. मध्यभागी माणसं बसून गरगर फिरताहेत असा पाळणा, आणि एका बाजूला सैतान भाग्यदेवतेचे लचके तोडून खाली जमलेल्या लोकांकडे फेकतो आहे. संचालक कोण, हिशेब कसा फिरवला, हे त्या चित्रात शोधायला जाऊ नये. होगार्थला हाव दाखवायची होती, आणि हाव सगळ्यांची होती. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं तेव्हा जेम्स गिलरेने वेगळा मार्ग काढला. त्याने बँकेचीच एक म्हातारी बाई केली. कागदी नोटांचा झगा घातलेली ती बाई कुलूपबंद पेटीवर बसली आहे आणि पंतप्रधान पिट तिच्याशी लगट करत खिशात हात घालतो आहे. ते चित्र इतकं रुतलं, की बँकेला ‘थ्रेडनीडल रस्त्यावरची म्हातारी’ हे नाव कायमचं चिकटलं. संस्थेला माणूस करण्याचं याहून यशस्वी उदाहरण मला माहीत नाही.

तिसरं उत्तर फ्रान्समधलं. १८३५ च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारने राजकीय व्यंगचित्रांवर बंधनं घातली. राजाचं चित्र काढणं धोक्याचं झालं, म्हणून ओनोरे दोमिएने मोर्चा वळवला तो कंपन्या काढणाऱ्यांकडे. रोबेर माकेर नावाचं नाटकातलं एक बदमाश पात्र त्याने उचललं आणि १८३६ ते १८३८ या काळात त्याची मालिकाच केली. हा माकेर कधी बँक काढतो, कधी भागभांडवल गोळा करतो, कधी वकील होतो, कधी डॉक्टर. दोमिएने एक नग न काढता अख्खा नमुना काढला. शेअर विकून पसार होणारा प्रवर्तक हा माणसाचा एक प्रकारच आहे हे लोकांना त्यातून कळलं. राजकारणावर बोलण्याची मुभा गेली म्हणून व्यापारावरचं व्यंगचित्र घडलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

गर्दी, संस्था आणि प्रवर्तक. आपल्याकडच्या चित्रांतही फिरून फिरून हेच तिघे येतात. चौथा एक आहे, कामगार. त्याच्याकडे शेवटी येतो.

मराठी व्यंगचित्राचा कंपनीकडे पाहण्याचा डोळा थोडा निराळा घडला. १३ ऑगस्ट १९६० ला बाळ ठाकरे यांनी ‘मार्मिक’ सुरू केलं. त्यात पुढे ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. कंपनी म्हणजे नोकरी, आणि ती कोणाला मिळते, हा तिथला प्रश्न होता. कंपनी नफ्यात आहे की गाळात, हा प्रश्न त्यात नव्हता. त्या काळात ठाणे-बेलापूर पट्टा, वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी वाढत होती, कारखाने उघडत होते, त्यामुळे ते स्वाभाविकही होतं. दुसऱ्या टोकाला वसंत सरवटे. ते पेशाने इंजिनिअर, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरीला. कचेरीतली माणसं, त्यांचं साहेबापुढे उभं राहणं, फायलीमागे दडणं त्यांनी आतून पाहिलेलं होतं. आणि आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस. तो काहीच बोलत नाही. कंपनीच्या भागधारकांच्या सभेतही तो कोपऱ्यात उभा करता येतो आणि बुडालेल्या बँकेच्या रांगेतही. न बोलणारं पात्र कुठेही चालतं, हा त्या योजनेतला मोठा गुण.

आता अलीकडच्या काही प्रकरणांकडे पाहू, म्हणजे पात्र निवडण्याचं काम प्रत्यक्षात कसं होतं ते दिसेल.

७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदातली हजारो कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. त्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की ही वाघावरची स्वारी होती आणि त्याने न खाता खाली कसं उतरायचं ते कळत नव्हतं. व्यंगचित्रकाराला यापेक्षा जास्त काय लागतं? वाघ आयता आला. पण अशा आयत्या चित्रात एक फसगत असते. वाघावर बसलेला माणूस घाबरलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला त्याची थोडी दयाच येते. खोटा हिशेब लिहिणाऱ्यानेच आपलं चित्र कसं काढावं हे सुचवलेलं असतं. चांगला व्यंगचित्रकार अशा वेळी वाघ ठेवतो आणि स्वार बदलतो. वाघाच्या पाठीवर लेखापरीक्षक बसवतो, किंवा वाघाच्या तोंडात भागधारक देतो.

किंगफिशर एअरलाइन्सचा परवाना २०१२ च्या ऑक्टोबरात निलंबित झाला आणि मार्च २०१६ मध्ये तिचा मालक देशाबाहेर गेला. इथे पक्षी हेच बोधचिन्ह. पंख उपटलेला पक्षी, पिंजरा उघडा ठेवून उडालेला पक्षी, बँकांच्या डोक्यावर बसलेला पक्षी, असं कितीतरी त्यातून निघू शकतं. बोधचिन्ह वापरण्याची सोय अशी, की नाव लिहावं लागत नाही. मात्र त्यातून कायद्याचा प्रश्न येतो, कारण बोधचिन्ह ही नोंदणी केलेली मालमत्ता असते. याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल व्यंगचित्रकारांनी माहीत करून घ्यावा असा आहे. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे म्हणून ग्रीनपीसने एक संगणकीय खेळ काढला, त्यात टाटांचं बोधचिन्ह राक्षसासारखं कासवांच्या मागे लागतं. टाटा सन्सने मनाई हुकूम मागितला. न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी तो दिला नाही. माल विकण्यासाठी चिन्ह वापरणं वेगळं आणि टीका करण्यासाठी वापरणं वेगळं, असा त्या विचाराचा गाभा. बदनामीचा धोका उरतोच. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात कंपनीचीही बदनामी होऊ शकते असं स्पष्ट धरलं आहे. म्हणून अमुक मालकाने पैसे खाल्ले असं चित्रात सांगायचं, तर ते आधी कुठल्या तरी अधिकृत कागदावर आलेलं असावं लागतं. अनेकदा संपादक चित्र न बदलता फक्त कपाळावरचं नाव पुसायला सांगतात आणि ‘प्रवर्तक’ एवढंच लिहायला लावतात. दोमिएचा नमुना असा मागच्या दाराने परत येतो.

आता आपल्या घराजवळ येऊ. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला एका खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येणार होते. संचालक मंडळ बाजूला झालं, प्रशासक आला. बँकेने एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिलेलं कर्ज २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांमागे लपवलं होतं हे बाहेर आलं. पुढच्याच महिन्यात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, डोंबिवलीत मुख्य ठाणं असलेल्या गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली. ठाण्यापासून पुढे अनेक ठिकाणी त्यांची दालनं होती, आणि दरमहा पैसे भरा, वर्षाअखेर सोनं न्या, अशा योजनेत लोकांनी पैसे टाकले होते. मालकांना डिसेंबरात अटक झाली.

ही दोन्ही प्रकरणं एका महिन्याच्या अंतराने, एकाच भागातल्या लोकांवर आली. चित्रकाराच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. दागिन्यांच्या दुकानाचं चित्र सोपं: अर्धवट ओढलेलं शटर, त्याखालून निसटणारी सूटकेस, बाहेर पावती हातात घेतलेल्या बायका. सहकारी बँकेचं चित्र अवघड, कारण तिथे बँक पळून गेलेली नसते. इमारत असते, कर्मचारी असतात, पासबुकात आकडा असतो, फक्त तो आकडा हातात येत नाही. काच आणि काचेपलीकडचा पैसा, अशा चित्राने ते सांगता येतं. पळालेला चोर काढून ते सांगता येत नाही. बुडणं आणि गोठणं यांतला हा फरक चित्रात आला, तर वाचकाला प्रशासक म्हणजे काय हेही नकळत समजतं.

इथेच रिसीव्हर, अवसायक, प्रशासक ही मंडळी नीट ओळखून घेतली पाहिजेत, कारण चित्रांत त्यांची गल्लत फार होते. कोर्ट रिसीव्हर हा न्यायालयाने नेमलेला राखणदार. भांडण मिटेपर्यंत मालमत्ता सांभाळायची, भाडं गोळा करायचं, नासधूस होऊ द्यायची नाही, हे त्याचं काम. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूद आहे. अवसायक कंपनी संपवायला येतो. तो मालमत्ता विकतो, देणी वाटतो आणि दार बंद करतो. प्रशासक संस्था चालू ठेवून कारभार आपल्या हातात घेतो. ठेवीदारांना फसवलेलं असेल तर महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. त्याखाली सरकार मालमत्ता जप्त करतं आणि ती विकून पैसे वाटण्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमतं. गुडविनसारख्या प्रकरणात हाच रस्ता असतो. चित्रात या चौघांनाही एकच काळा कोट घातला, की वाचकाची दिशाभूल होते. राखणदार आणि कसाई एकाच वेशात दिसू नयेत एवढं तरी पाहिलं पाहिजे.

कंपन्यांच्या आजारपणाचा कायदाही चित्रांच्या इतिहासाला लागून चालतो. १९८५ च्या कायद्याने आजारी उद्योग ठरवण्याची पद्धत आली आणि १९८७ पासून बीआयएफआर नावाचं मंडळ काम करू लागलं. कंपनी तिथे नोंदली गेली, की तिच्याविरुद्धचे दावे आणि वसुली थांबायची. त्यामुळे खाट, सलाइन, बाहेर ताटकळणारे नातेवाईक, हे चित्र कायद्यानेच हातात दिलं. ते खरंही होतं, कारण रुग्ण वर्षानुवर्षे खाटेवर असायचा, ना बरा व्हायचा ना जायचा. १ डिसेंबर २०१६ पासून तो कायदा गेला आणि नवी दिवाळखोरी संहिता आली. आता घड्याळ आलं. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला, की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि कारभार एका व्यावसायिकाकडे जातो, ज्याला इंग्रजी वर्तमानपत्रं आरपी म्हणतात. तो इंग्रजी आणि स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहीर सूचना देतो, १४ दिवसांत दावे मागवतो. पैसे उसने देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्थांची समिती बसते. कंपनी घ्यायला पुढे आलेल्यांच्या योजनांवर ती मतदान करते आणि ६६ टक्के मतं पडली की योजना न्यायाधिकरणापुढे जाते. हे सगळं जास्तीत जास्त ३३० दिवसांत व्हावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बऱ्याच प्रकरणांना त्याहून जास्त वेळ लागतो.

या समितीत कामगार कुठे असतो? पगार थकलेला कामगार कायद्याच्या दृष्टीने बँकांसारखा वित्तीय घेणेकरी नव्हे, तर व्यवहारातला घेणेकरी ठरतो, माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या रांगेतला. अशा सगळ्यांचं मिळून येणं एकूण कर्जाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी नसेल, तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीला बसू शकतो. मत देऊ शकत नाही. माझ्या मते या संपूर्ण संहितेतली व्यंगचित्राला सर्वांत योग्य जागा हीच आहे. लांबलचक टेबल, वर गेलेले हात, आणि एका खुर्चीवर बसलेला, हात मांडीवर ठेवलेला माणूस. एकही अक्षर न लिहिता कळेल. तरी हे चित्र फारसं दिसत नाही, कारण बातमी त्या बैठकीची नसते. बातमी येते ती शेवटी किती पैसे मिळाले याची.

त्या आकड्यांचं चित्र मात्र भरपूर निघतं, आणि त्यात न्हावी असतो. बँकेने आपल्या येण्यावर पाणी सोडलं की त्याला हेअरकट म्हणतात. व्हिडिओकॉन ही मराठवाड्यातली, चितेगावच्या कारखान्यामुळे महाराष्ट्रभर ठाऊक असलेली कंपनी. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने तिची विक्री मंजूर केली, तेव्हा सुमारे ६४,८०० कोटींच्या मान्य दाव्यांपोटी खरेदीदार २,९६२ कोटी देणार होता. म्हणजे जवळपास ९६ टक्के सोडायचे. न्यायाधिकरणाने आपल्या आदेशातच हा हेअरकट की मुंडन, अशा अर्थाचं भाष्य केलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेली बँक हे चित्र प्रभावी आहे, पण त्यात एक उणीव आहे जी मला खटकते. खुर्चीत बँक एकटी असते. तिच्यामागे ज्याचे केस नव्हे, पोट कापलं गेलं तो दिसत नाही. आणि बँकेचे केस पुन्हा वाढतात, सरकार भांडवल घालतं. चित्र पाहून हसणाऱ्याच्याच करातून ते भांडवल येतं.

आता व्यंगचित्रकाराच्या टेबलाशी जाऊ. बातमी दुपारी येते, पान संध्याकाळी लागतं. हातात काही तास. पहिला निर्णय पात्राचा, तो आपण पाहिला. दुसरा आकाराचा. कंपनीच्या पतनात प्रमाण हीच भाषा असते: चिमणी केवढी आणि तिच्या पायथ्याशी माणूस केवढा. माणूस फार लहान काढला तर तो दयनीय दिसतो, फार मोठा काढला तर तो पुतळा होतो. तिसरा निर्णय पाट्यांचा. जितकी कल्पना कच्ची, तितक्या पाट्या जास्त. होडीवर ‘कंपनी’, लाटेवर ‘कर्ज’, वल्ह्यावर ‘संचालक’ लिहावं लागलं, तर ते चित्र नव्हे, लेबलं लावलेला तक्ता आहे. सिद्धहस्त माणूस एका वस्तूवर भागवतो. फाटकाला लावलेलं लाखेचं सील, टाइमकार्डाचं घड्याळ बंद पडलेलं, भोंग्यात घरटं केलेली चिमणी. चौथा निर्णय शब्दांचा. मराठीत संवादाची ओढ मोठी आहे, खाली एक खुमासदार वाक्य असलं की बरं वाटतं. पण आर्थिक विषयात ते वाक्य बरेचदा स्पष्टीकरण बनून बसतं. शि. द. फडणीस यांच्या शब्दाविना चित्रांनी मराठी वाचकाला चित्र वाचायला शिकवलेलं आहे, त्यामुळे शब्द काढून टाकण्याचं धाडस इथे करता येतं.

दिवाळी अंकांत आणखी एक साधन आहे. ‘आवाज’च्या खिडकीचित्रांत वरचं पान कापलेलं असतं, खिडकी उघडली की आत भलतंच दिसतं. ते बहुतेक चावटपणासाठी वापरलं गेलं, आणि त्याला त्याचा वाचकवर्गही मिळाला. पण ताळेबंदाचं चित्र काढायला याहून चांगलं साधन नाही. वर झळाळतं दालन, आत मोकळी तिजोरी. वर अध्यक्षांचं भाषण, आत त्याच मंचाखालची वाळवी. कंपनी बुडते तेव्हा लोकांना जे दिसत होतं आणि जे होतं, त्यांतलं अंतर उघडं पडतं. खिडकी नेमकं तेच करते. एखाद्या व्यंगचित्रकाराने ते मनावर घ्यावं.

आता फाटकांकडे. ठाण्यात जेकेग्राममधली रेमंडची गिरणी १९२५ ची, १९४४ मध्ये सिंघानियांकडे आली आणि २००९ च्या सुमारास तिथलं उत्पादन थांबलं. आता तिथे उंच निवासी इमारती आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमिअर ऑटोमोबाइल्स. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या या कंपनीने नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोबरोबर इथे मोटारी बांधल्या, तो प्रयोग त्याच दशकात बंद पडला. आणि आंबिवली स्टेशनजवळ मोहन्याची नॅशनल रेयॉन, सगळे तिला एनआरसी म्हणतात. ती २००९ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा चार हजारांहून जास्त कामगार तिथे होते. पुढे प्रकरण दिवाळखोरी संहितेखाली गेलं आणि जमीन अदानी समूहाकडे गेली. थकीत देण्यांसाठी कामगारांची आंदोलनं त्यानंतरही चालू राहिली.

रस्त्यावरून पाहिलं तर तिन्ही फाटकं सारखीच. गंजलेला दरवाजा, आत वाढलेलं गवत, मग पत्र्याचं कुंपण, मग बांधकामाची क्रेन. पण रेमंड ही कंपनी बुडालेली नाही. तिने कारखाना बंद केला, जमिनीवर बांधकामाचा नवा धंदा उभा केला आणि तीच कंपनी पुढे गेली. प्रीमिअरची गोष्ट भागीदारी फिसकटण्याची आणि मागे पडण्याची. एनआरसीत कंपनीच कोसळली. तीन ठिकाणी कामगाराच्या हातात काय पडतं हे तीन वेगळ्या कायद्यांवर, करारांवर अवलंबून. ‘कारखाने गेले, टॉवर आले’ असं एक चित्र काढून तिन्ही प्रकरणं निकालात काढता येतात, आणि तसं वारंवार होतं. ते चित्र खोटं नाही. पण त्याने एनआरसीच्या माणसाचं नेमकं गाऱ्हाणं पुसलं जातं. त्याचं म्हणणं टॉवर नको असं नव्हतं. आपली देणी मिळावीत, एवढंच होतं.

आणि या माणसाचं चित्र काढणं अवघड का, तेही सांगतो. बुडणं हा एक क्षण असतो, त्याला दिवस असतो, मथळा असतो. त्यानंतरचं थांबणं दहा-पंधरा वर्षांचं असतं आणि त्याचा मथळा होत नाही. एका चौकटीत वेळ मावत नाही. लक्ष्मण यांच्यासारखी रोजची छोटी चौकट हाताशी असेल तर मात्र ते जमतं. तेच फाटक, तोच बाक, तोच माणूस, दर वर्षी एकदा. पहिल्या वर्षी त्याच्या हातात डबा, पुढे फाइल, पुढे काठी. मागे कुंपण, मग नमुना सदनिका, मग दिव्यांनी भरलेल्या खिडक्या. माणूस आणि बाक हलवायचे नाहीत.

अशा चित्रासाठी दिवाळखोरी संहितेतलं एक कलम पाठ असायला हवं. कंपनी थेट अवसायनात गेली, तर ५३ व्या कलमाप्रमाणे पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. लगेच त्याखाली, एकाच पायरीवर, तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांचा मागील २४ महिन्यांचा पगार. इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिने त्याखाली, सरकारी कर आणखी खाली, भागधारक तळाला. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा निधी तर या वाटपाच्या बाहेरच ठेवलेला आहे. जेट एअरवेजच्या प्रकरणात या हक्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला. म्हणजे कामगाराला रांगेच्या शेवटी उभा करणारं नेहमीचं चित्र कायद्याच्या हिशेबाने चूक आहे. तो पुढून दुसरा आहे, बँकेच्या खांद्याला खांदा लावून. पण या २४ महिन्यांपलीकडचा पगार त्या पायरीवर येत नाही, आणि अवसायनाऐवजी कंपनी विकली गेली तर वाटप योजनेप्रमाणे होतं, तिथे त्याला निदान अवसायनात मिळालं असतं तेवढं, किंवा योजनेची रक्कम याच क्रमाने वाटली तर मिळेल तेवढं, यांतलं जे जास्त ते मिळावं, एवढीच हमी आहे. वाटायलाच काही नसेल, तर ती हमी शून्याची.

तेव्हा मोहन्याच्या कामगाराचं चित्र काढणाऱ्याने रांग काढू नये. पायरी काढावी. त्याला बँकेच्या शेजारी, त्याच उंचीवर उभा करावा, कारण तो त्याचा हक्क आहे. मग दोघांच्या समोर हंडा ठेवावा आणि हंड्यात किती आहे ते दिसेल अशा कोनातून, वरून, चित्र काढावं. बँकेकडे लांब दांड्याची पळी द्यावी. कामगाराच्या हातात दावा दाखल केल्याची पोच, शिक्का मारलेली, तारीख वाचता येईल एवढी मोठी.